विकणे आहे

पुण्यात जुनी सायकल विकणारे पुष्कळ, जुनी आडवी सायकल विकणारा एखादाच. खुर्चीत रेलून, पाय समोर पसरून पेडल मारायची ती ही सायकल. त्यातही विकायची आहे ती नुसती फ्रेम. चाकं, गिअर, ब्रेक नव्या प्रयोगाला लागलेले. हे गृहस्थ टूलरूममधून निवृत्त झालेले असतात आणि क्रोमोली पोलादाच्या नळ्यांची ही फ्रेम त्यांनी भोसरीच्या वेल्डरच्या उरावर बसून करवून घेतलेली असते.

तुम्ही फोनवर किंमत विचारता. ते तुमची उंची विचारतात. मग पाठ, गुडघे, व्यवसाय. पास झालात तर रविवारी बोलावणं.

घरी फ्रेम लगेच दिसत नाही, आधी इतिहास. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोरने शार्ल मोशेच्या आडव्या सायकलवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर कापून ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा विक्रम मोडला. लगेच १९३४ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ही जातच शर्यतीतून बाद केली. "निव्वळ अन्याय हो!" गृहस्थ कडाडतात. त्या अन्यायाची भरपाई किमतीत धरलेली आहे, हे आपल्याला मागाहून कळतं.

मग सुधारणांचं दर्शन. सीटचा कोन त्यांच्या मणक्याच्या डॉक्टरांना विचारून ठरवलेला. बाटलीचा स्टँड डावीकडे, कारण उजवा खांदा धरतो. मागे मंडईच्या पिशवीचा हूक. पेडल पुढच्या चाकाच्याही पुढे, त्यामुळे चेन साध्या सायकलच्या दुपटीहून लांब. ती वळवायला नायलॉनची पुली, स्वतः लेथवर काढलेली.

"पुली फ्रेमबरोबर मिळेल ना?"

"छे! ती माझ्याकडेच राहणार."

"खड्डा आला तर सीटवरून उठता येतं का?"

"खड्डा आधी दिसायला हवा. तेवढी नजर नसेल तर स्कूटर घ्या."

शेवटी तुम्ही बसून बघता. पाय पेडलवर नीट टेकतात, पण गुडघे छातीपाशी येतात. या सायकलींत पेडलची नळी पुढेमागे सरकते, ज्याच्या-त्याच्या पायांप्रमाणे ती लावता येते. इथे ती सरकत नाही.

"कुरकुरायची," गृहस्थ अभिमानाने सांगतात. "वेल्ड करून टाकली. आता आवाज नाही!"

त्यांची उंची पाच फूट तीन इंच.

किंमत शेवटपर्यंत उतरत नाही, कारण प्रत्येक सुधारणेचा खर्च वहीत मांडलेला आहे. त्याच प्रत्येक सुधारणेने एकेक गिऱ्हाईक कमी झालं, ही नोंद मात्र वहीत नाही. नळी वेल्ड झाली त्या दिवशी या फ्रेमला जगात एकच योग्य गिऱ्हाईक उरलं, आणि ते विकायला बसलं आहे. तुम्ही जा, इतिहास ऐका, चहा घ्या. पण निघण्याआधी पायाचं माप घ्या.