पहाऱ्याचे दप्तर

इथन गॅल्स्टाड यांनी 1999 साली प्रसृत केलेल्या आणि पुढे नागिऑस या नावाने रूढ झालेल्या संगणकजाळ्याच्या पहारेकऱ्याची निष्ठा वादातीत असली, तरी ज्या यंत्राची नोंद त्याच्या दप्तरात नाही ते जळून खाक झाले तरी तो ब्र काढीत नाही, आणि जे केव्हाच भंगारात गेले, पण ज्याचे नाव खारीज करण्याची कोणास फुरसत झाली नाही, त्याच्या मृत्यूची वर्दी मात्र मध्यरात्री इमानाने देत राहतो. या दप्तराच्या एखाद्या फायलीत महिरपी कंस मिटावयाचा राहिला, की तो रुजू होण्यासच साफ नकार देतो. (हा बाणेदारपणा मनुष्य-कारकुनांत दुर्मिळ.) म्हणून मोठ्या संस्था या फायली एका मूळ यादीवरून यंत्राकरवी लिहवून घेतात; ती यादी अद्ययावत ठेवण्याचे काम अर्थातच कोणाकडेही सोपविलेले नसते.