कर्ता नसलेलं क्रियापद

इंग्रजी शब्दकोशात 'अ‍ॅक्वायर' हे मोठं कष्टाळू क्रियापद आहे. त्यात माणूस स्वतःच्या मेहनतीनं काहीतरी मिळवतो: ज्ञान, कौशल्य, नावलौकिक, गेला बाजार कारल्याची आवड. आमच्या राजुऱ्यात मात्र अ‍ॅक्वायर कोणी करत नाही. ते होतं, ताप यावा तसं. "भाऊचं वावर अ‍ॅक्वायर झालं ना गा!" कोणी केलं, असं विचारणारा परगावचा समजावा.

याला कारण कोळसा. वर्धा नदीच्या आमच्या काठाला सास्ती, गोवरी, पोवनी या पट्ट्यात वर कापूस आणि खाली कोळसा. कापूस आमचा, कोळसा वेकोलिचा, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सचा. जमीन घ्यायची ती 1957 च्या केंद्रीय कायद्यानं, म्हणून इथल्या पारावर कलमं तिथींसारखी तोंडपाठ. कलम 4 लागलं म्हणजे कोळसा आहे का ते बघणार. कलम 7 म्हणजे घ्यायचा इरादा आहे. हरकतीला 30 दिवस. कलम 9 म्हणजे घेतली. आणि कलम 10 नं जमीन 'सर्व बोजांपासून मुक्त' होऊन सरकारजमा. सोसायटीचं कर्ज, भावकीचे दावे, सगळे बोजे उतरतात. पिढ्यानपिढ्या स्वतःला मालक समजणारा माणूसही त्या बोजातच निघतो.

सरकारी मराठीत याला 'संपादन' म्हणतात. ज्ञानाचंही संपादन, वावराचंही संपादन, वर्तमानपत्राचंही. संपादक निदान मजकूर कापतो. इथं सातबाऱ्यावरचं नावच कापलं जातं. आम्हाला त्याचं फार नवल नाही. आमचा अख्खा तालुकाच निजामाच्या आदिलाबादेतून 1956 साली नांदेडात आणि 1959 साली चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, आला. तिथंही वाक्याला कर्ता नव्हता.

मोबदल्यात पैसे मिळतात, शिवाय दोन एकरांमागे एक नोकरी. इथून पुढं खरा रंग भरतो. पावणेदोन एकरवाल्याला पाव एकरवाला चुलतभाऊ एकाएकी फार प्रिय होतो. बांधावरून वीस वर्षं अबोला धरलेली माणसं एका ताटात जेवू लागतात. शब्दकोशातली मेहनतीनं मिळवलेली आवड ती हीच. या एका ठिकाणी आमच्या क्रियापदाला कर्ता सापडतो.

तेव्हा राजुऱ्याकडं मुलीसाठी स्थळ पाहायला याल, तर वावर किती, असं विचारून स्वतःचं हसं करून घेऊ नका. कलम कितवं लागलंय, ते विचारा.