जुरासिक काका

सिद्धगडावर ॲमोनाइट सापडण्याची शक्यता शून्य आहे, हे एकदा मान्य केलं की तो तिथे शोधणाऱ्या माणसाकडे निवांत बघता येतं. हा माणूस डोंबिवलीत, ठाण्यात किंवा बदलापुरात राहतो. वय साठीच्या आसपास, बँकेतून नाहीतर विमा कंपनीतून निवृत्त, गुडघे अजून शाबूत. ट्रेकच्या ग्रुपात त्याला सगळे काका म्हणतात. गळ्यात भिंग, कमरेला हातोडी आणि पाठीवर रिकामी सॅक. इतरांची सॅक चढताना जड आणि उतरताना हलकी असते. काकांची उलट, आणि उतरताना ती काकांच्या पाठीवर नसून इंजिनिअरिंगच्या एखाद्या गरीब मुलाच्या पाठीवर असते. मुरबाडवरून म्हसा मागे पडलं की काकांची मान जी खाली जाते ती पुन्हा वर येत नाही, त्यामुळे सिद्धगडाचा भला थोरला कडा त्यांनी प्रत्यक्षापेक्षा इतरांच्या फोटोंतच जास्त पाहिलेला असतो. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी इथे हुतात्मा झाले, त्या स्मारकापाशी ते टोपी काढून उभे राहतात, ते मनापासून. मग टोपी घालून ‘आता जरा मागे जाऊ’ म्हणतात आणि साधारण पंधरा कोटी वर्षं मागे जातात. हा ‘साधारण’ शब्द काकांचा फार मोठा आधार आहे. खातेदाराच्या पासबुकात पाच पैशांची चूक न खपवणारा हा माणूस निवृत्त झाल्यावर पाच-सहा कोटी वर्षं इकडेतिकडे बिनदिक्कत सोडतो.

ॲमोनाइट हा समुद्रातला प्राणी. जात माकुळाची, पण पाठीवर गुंडाळीचं कवच. त्या कवचात एकामागे एक कप्पे, आणि कप्प्यांच्या भिंती कवचाला जिथे मिळतात तिथे नक्षीदार शिवण. काही जाती नाण्याएवढ्या, तर जर्मनीत १८९५ साली सापडलेला एक जवळजवळ पावणेदोन मीटर व्यासाचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले त्याच सुमारास हा वंशही संपला. आता सिद्धगड बघा. पायथ्यापासून माथ्यापर्यंत बेसाल्ट, म्हणजे जमिनीवर एकावर एक पसरत गेलेला लाव्हा. वाहताना त्याचं तापमान हजार अंशांच्या वर होतं, आणि वाहण्याचा काळ बरोबर तोच, ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आगेमागे. ॲमोनाइटांचा बळी घेतल्याचा संशय ज्यांच्यावर आहे त्यांत दख्खनच्या या ज्वालामुखींचं नाव वरचं आहे. मुख्य आरोपी मेक्सिकोत कोसळलेली उल्का, हे मत आज भारी आहे. पण दख्खन अजून निर्दोष सुटलेलं नाही. म्हणजे काका करतात काय, तर बेपत्ता माणसाला शोधायला नेमके संशयिताच्या घरी जातात आणि तिथे तो पाटावर बसून जेवत असेल अशी अपेक्षा ठेवतात.

तरीही सॅक भरते, आणि ती कशाने भरते हे पाहण्यासारखं आहे. बेसाल्ट झिजताना त्याचे गोल गोटे होतात आणि कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे त्यावरून थर सुटतात. गोटा फुटला की एकात एक वर्तुळं दिसतात. काकांना तो शंख वाटतो. वर्तुळं एकात एक असणं वेगळं आणि एकच रेघ आत वळत जाणं वेगळं, हा फरक जिलबी ओळखणाऱ्या माणसाला सांगावा लागू नये. पण हातोडी हातात आली की नजर बदलते. दुसरा नमुना म्हणजे लाव्ह्याचा पृष्ठभाग गार होताना पडलेल्या दोरखंडासारख्या वळ्या. या काकांच्या मते कवचाच्या बरगड्या. तिसरा, भेगेत मँगनीजने काढलेली काळी झुडुपं. हे नेच्याचं पान. याच कातळाच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, हेउलँडाइट, अपोफिलाइट अशी झिओलाइट कुळातली आणि त्यांच्या सोबतीने वाढणारी खनिजं तयार होतात. दख्खनच्या खाणींतले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मानाने बसले आहेत, आणि सिन्नरला तर ‘गारगोटी’ नावाचं आख्खं संग्रहालय त्यांच्यासाठी आहे. एखाद्या दगडाच्या पोटात असं काही चमकलं तर काका ते बाजूला सारतात. ते तर सगळ्यांनाच सापडतं! इथेच या माणसाची खरी ओळख पटते. काकांना ॲमोनाइट नको आहे. जिथे कुणाला सापडला नाही तिथे आपल्याला सापडला, हे वाक्य हवं आहे. ॲमोनाइट हे त्या वाक्यातलं निव्वळ कर्म आहे.

यावर काकांचे आक्षेप तयार असतात, आणि ते अगदीच पोकळ नसतात. पहिला असा की दख्खनच्या दगडात जीवाश्म नाहीतच हे कोण म्हणतो? बरोबर आहे. दोन लाव्ह्यांच्या मधल्या शांततेत तळी साचली, त्यांच्या गाळात जीव राहिले. वरळीच्या अशा गाळातल्या इवल्याशा बेडकाला रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली शास्त्रीय नाव दिलं. पण ती गोड्या पाण्याची तळी होती. त्यांत बेडूक, कासव, गोगलगाय मिळेल, समुद्रातला ॲमोनाइट मिळणार नाही. बरं, बेडूक शोधायचा तर वरळी काकांच्या घरापासून लोकलने जवळ. तिथे हातोडी घेऊन फिरलं तर मात्र सोसायटीचा वॉचमन हटकतो. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे, अक्षरशः. लाव्ह्याच्या खाली जुना समुद्र दबलेला नसेल कशावरून? कच्छमध्ये जुरासिक समुद्र होता, नर्मदेच्या खोऱ्यात बाघजवळ नंतरच्या क्रिटेशस काळातला होता, मग मुरबाडने काय पाप केलं? शंका रास्त आहे. पण कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी जे खोल छिद्र पाडलं, त्यात नऊशे मीटरहून जास्त बेसाल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइट-नाइसचा आदिम खडक लागला. मध्ये समुद्राच्या गाळाचा पापुद्रासुद्धा नव्हता. कोयना म्हणजे मुरबाड नव्हे, हेही कबूल. तरी सिद्धगडाच्या पोटाखाली समुद्र असलाच, तर तो काढायला काकांची हातोडी पुरणार नाही; तेल कंपनीचा रिग लागेल. महाराष्ट्रात जुरासिक काळाचा खडक बघायचाच हट्ट असेल तर गडचिरोलीत सिरोंच्याला जावं लागतं. तिथेही तो गोड्या पाण्याचा निघतो, मासे आणि डायनोसॉरवाला. आणि सिरोंचा रविवारी जाऊन सोमवारी परत येण्यातलं नाही.

आता या सगळ्यातली खरी गंमत काकांच्या स्वतःच्या घरात आहे. बैठकीच्या खोलीतल्या शोकेसमध्ये सिद्धगडाचे गोटे मांडलेले असतात, आणि आतल्या देवघरात, चंदन लावून, तुळशीचं पान वाहून, पणजोबांच्या वेळचा शाळिग्राम बसलेला असतो. शाळिग्राम येतो नेपाळातल्या काली गंडकीतून, मुक्तिनाथच्या वरच्या अंगाने. तिथला काळा गाळखडक जुरासिक काळातल्या टेथिस समुद्राचा. हिमालय उचलला गेला तसा तो समुद्रतळही उचलला गेला, आणि त्यातले गोटे नदीने फोडून-घासून खाली आणले. पुष्कळ शाळिग्रामांच्या पोटातलं चक्र म्हणजे ॲमोनाइटच, कधी प्रत्यक्ष तर कधी त्याचा ठसा. काका ज्याच्यासाठी दर रविवारी सिद्धगडवाडीपर्यंत घाम गाळतात, त्याला त्यांच्या घरात रोज सकाळी आंघोळ घातली जाते आणि तुळशीच्या लग्नात नवरदेव म्हणून उभं केलं जातं. भिंग मात्र त्याच्यावर कधी रोखलं जात नाही. कारण उघड आहे. तो काकांना सापडलेला नाही, पणजोबांनी आणला.

देवाला जीवाश्म म्हणणं हा श्रद्धेचा अपमान आहे, असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. पंचायतन नीट बघितलं तर दगड जपण्याची ती काटेकोर रीत आहे. विष्णूचा शाळिग्राम गंडकीचाच हवा, शंकराचा बाण नर्मदेचा, गणपतीचा तांबडा शोणभद्र शोण नदीचा, देवीचा पाषाण सुवर्णमुखीचा. दगड कुठला, हे विचारल्याशिवाय तो ताम्हनात बसत नाही. वर शाळिग्रामाची चक्रं कुठे, किती, तोंड कसं यावरून त्याचे प्रकार पाडायचे, आणि तो विकायचा नाही असा दंडक. युरोपात याच ॲमोनाइटांना दगड झालेले साप समजत. इंग्लंडमधल्या व्हिटबीला तर दुकानदार त्यांवर सापाचं डोकं कोरून विकत. आपल्याकडे निदान कुणी डोकं बसवलं नाही. काकांच्या शोकेसमध्ये मात्र एकाही दगडाला गाव नाही. सिद्धगड, गोरखगड, माहुली, आणि प्रदर्शनातून घेतलेला मादागास्करचा एक गुळगुळीत चिरलेला ॲमोनाइट, सगळे एकाच काचेवर, एकाच पंक्तीला. पाहुणा त्या मादागास्करकराकडे बोट दाखवून ‘हाही सिद्धगडचा?’ म्हणाला, तर काका ‘नाही’ म्हणायला किंचित वेळ घेतात. तेवढ्या वेळात पाहुण्याचा समज पक्का झालेला असतो.

शेवटचा आक्षेप सगळ्यात वजनदार: हौशी लोकांनीच तर हे शास्त्र उभं केलं. इंग्लंडमधल्या लाइम रेजिसला जीवाश्म शोधणारी मेरी ॲनिंग सुताराची मुलगी, शाळा जेमतेम. कच्छचे जीवाश्म १८३० च्या दशकात विलायतेत पोचवणारे कॅप्टन ग्रँट मुंबई इंजिनिअर्समधले फौजी. मग काकांनीच काय घोडं मारलंय? काहीच नाही, पण ॲनिंगबाईंना आपण काढलेला सांगाडा कड्याच्या कुठल्या थरातून निघाला हे ठाऊक असे, आणि ग्रँट यांनी दगडांसोबत प्रदेशाचा भूवैज्ञानिक नकाशा दिला. पुढे कच्छमध्ये भूवैज्ञानिक स्टोलिच्का यांनी थर लावले ते गावांच्या आणि जागांच्या नावांनी: पच्छम, चारी, कट्रोल, उमिया. ॲमोनाइट थरांप्रमाणे वेचले, म्हणून १८७० च्या दशकात वागेन यांना त्यांचा क्रम लावता आला. ॲमोनाइटांच्या जाती भराभर बदलत आणि दूरदूर पसरत, त्यामुळे एक तुकडाही खडकाचं वय सांगतो. मात्र तो कुठल्या थरातला हे माहीत असेल तरच. नाहीतर तो शोभेचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही जीवाश्मांचा अभ्यास चालतो, आणि तिथे कुणी दगड घेऊन गेलं तर पहिला प्रश्न ‘किती जुना?’ हा नसून ‘कुठला?’ हाच येणार. काका म्हणणार, सह्याद्रीतला.

काका निरुपद्रवी आहेत, हे मीही म्हटलं असतं, पण वाट भीमाशंकर अभयारण्याच्या परिसरातून जाते, आणि १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या व्याख्येत जंगलातला दगडसुद्धा वनोपज आहे. म्हणजे ती इंजिनिअरिंगच्या मुलाच्या पाठीवरची सॅक कायद्याने पाहिली तर बरीच अडचणीची. तरी काकांच्या खात्यावर एक जमा बाजू आहे. ग्रुपातल्या तीस पोरांना, आपण उभे आहोत तो लाव्हा आहे आणि इथे माणसाच्याही आधी काहीतरी घडलं होतं, हे काकांमुळेच कळतं. चुकीच्या दगडावरून कळतं, एवढंच. त्यातला एखादा मुलगा घरी जाऊन शोधतो आणि पुढच्या ट्रेकला अदबीने सांगतो, ‘काका, इथे समुद्र नव्हता.’ काका रागावत नाहीत. भिंग पुसतात, मान डोलावतात आणि मान्य करतात की सिद्धगडावर नसेल. पण समुद्र म्हटला की तो मागे हटतोच, आणि इथून हटला असेल तर साधारण शहापूरच्या बाजूला. म्हणून पुढचा रविवार माहुलीचा ठरतो. माहुलीही बेसाल्टचीच आहे, हे सांगायला तो मुलगा तोंड उघडतो, तेवढ्यात काका त्याच्या हातात सॅक देतात.