कोंबडी, वडे आणि आत्मचरित्र

शिमग्याला भाची पुण्याहून मालवणात आली ती एक लॅपटॉप आणि एक जाडजूड चित्रांचं पुस्तक घेऊन. आईने पुस्तक चाळलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "एवढी मोठी झाली, अजून कॉमिक वाचता?"

पुस्तकाचं नाव 'पर्सेपोलिस'. मर्जान सत्रापी या इराणी बाईने आपलं लहानपण, क्रांती, युद्ध सगळं स्वतःच्या हाताने काढलेल्या चित्रांत सांगितलंय. मूळ फ्रेंच पुस्तकाचे चार भाग 2000 ते 2003 या काळात आले आणि 2007 मध्ये तिनेच व्हिन्सां पारोनोच्या जोडीने त्याचा सिनेमा केला. भाचीने तो टीव्हीला जोडून दिला. सुरुवातीचा विमानतळ रंगीत आहे, पण बाई आठवणींत शिरली की सगळं काळंपांढरं.

"टीव्ही बिघडलो काय गो? रंग खंय गेलो?"

"आजी, ते मुद्दाम आहे."

पुढे पुन्हा विमानतळ आला, रंग परतले. "झालो बरो," म्हणत आई सुपारी कातरायला बसली.

एका जागी मात्र तिचा अडकित्ता थांबला. सिनेमातली आजी रोज सकाळी जाईची फुलं आपल्या चोळीत घालते. नातीला कुशीत घेते तेव्हा तो वास तिच्याबरोबर येतो. आई म्हणाली, "ही म्हातारी आमच्यातलीच." तिच्या आजीच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत सुरंगीचा वळेसर असायचा. फुलं सुकून तपकिरी व्हायची, वास तसाच. पडद्यावर फुलं झरझर पडतात ते सुंदरच आहे, याबाबतीत सिनेमाला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

मग वीज गेली. सिनेमा अर्ध्यावर, घरात काळोख, आणि मी विजेरी लावून पुस्तक उघडलं. शेजारचं घर बॉम्बने पडलंय. ढिगाऱ्यात मर्जानला मैत्रिणीचं फिरोजी कंकण दिसतं. ती डोळे झाकून घेते आणि शेवटची चौकट नुसती काळी, शाईने भरलेली. सिनेमात पुढचं चित्र येतंच, आपण कितीही रडलो तरी. इथे मी त्या चौकटीवर विजेरी धरून बसलो ते सेल उतरेपर्यंत. पुस्तकाची काही घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी भाचीने विचारलं, "मामा, आपल्याकडे बायकांनी असं सांगितलंच नाही का?"

सांगितलंय की, आणि तेही चित्रांशिवाय. हंसा वाडकरांचं घराणं सावंतवाडीचं. 'रामजोशी' सिनेमा गाजवलेल्या, 'सांगत्ये ऐका'च्या नायिका. याच नावाचं त्यांचं आत्मकथन 1970 मध्ये आलं, शब्दांकन अरुण साधूंचं. श्याम बेनेगलांनी त्यावरून 'भूमिका' केला. आम्ही लगेच तोही लावला. वर्तमान रंगीत, जुन्या आठवणी काळ्यापांढऱ्या! सत्रापीबाईंच्या तीस वर्षं आधी. आईने या वेळी टीव्हीला दोष दिला नाही. एव्हाना ती तयार प्रेक्षक झाली होती. लहानगी उषा कापायला काढलेली कोंबडी उचलून धूम पळते तेव्हा मात्र तिला राहवलं नाही: "आता वडे नुसतेच खावचे!"

पण एक गोष्ट मला सारखी टोचत राहिली. 'सांगत्ये ऐका' हे नावच हुकूम सोडणारं आहे. बाई समोर बसून सांगतेय, नवऱ्याचं, दारूचं, स्वतःच्या चुकांचं. लाजत नाही आणि दयाही मागत नाही. 'भूमिका'त हंसाबाईंची उषा होते, उषाची पडद्यावरची उर्वशी होते आणि उर्वशी हिंदी बोलते. उषा झालेली स्मिता पाटील बघताना जीव तुटतो, आपण ती बघत राहतो, पण ऐकायचं राहून जातं. "सावंतवाडीची बाय, ती हिंदीत रडता कित्याक?" हा आईचा प्रश्न पोरकट म्हणून मी हसलो खरा, पण उत्तर मला काही देता आलं नाही.

सत्रापीबाईंचं तसं नाही. त्यांनी पुस्तक मोडलं ते स्वतः, सिनेमा बांधला तोही स्वतः. आपलं जुनं चौपाखी घर उतरवून त्याच वाशांवर नवं उभं करावं तसं. एखादा खांब कमी पडला तरी तो घरच्याच माणसाने टाकलेला. बेनेगलांनी परक्या घराचे वासे नेऊन सुंदर वाडा बांधला. मला विचाराल तर दोन्हींत सिनेमा म्हणून 'भूमिका' मोठा. तरी पुस्तक आधी वाचा, असंच मी भाचीला सांगितलं.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या भूमिका केलेल्या बाईची भूमिका दुसऱ्या बाईने केली. ती कशी वठली, हे एकच माणूस सांगू शकलं असतं. 'भूमिका' आला 1977 साली. हंसाबाई 1971 मध्येच गेल्या होत्या.