कासवांचं बुकिंग

वहिनी, शिंपण झालं का? या जरा गडग्याशी. चहा इथूनच देते, घरात पाहुण्यांची रांग लागलीय.

काल मुंबईची नऊ माणसं उतरली. पाय धुवायच्या आधी विचारतात, पिल्लं किती वाजता निघतात? आता काय सांगू! अंडी वाळूत पुरली की 45 ते 55 दिवस, थंडी लांबली तर आणखी थोडे. एका घरट्यात शंभराच्या वर अंडी, ती काय एकदम फुटतात? सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायची, एवढंच आपल्या हातात. तर त्यातले एक म्हणतात, "आम्ही ऑनलाइन पैसे भरलेत." म्हटलं, ते मला भरलेत, कासवाला नाही.

2002 साली चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्रची माणसं वेळासला अंडी राखायला आली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, अंडी कोणी राखतं का? त्यांच्याच माजघरात आता गाद्या घालतो.

तुम्हाला कळलं का, खालच्या आळीत मोदकांचं सारण बाहेरून येतं म्हणे. मी नाही हो म्हणत, दूधवाली म्हणते.

आमच्या ह्यांचं काय विचारता! निसर्ग वादळात, 3 जून 2020 ला, निम्म्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. मग लावलेल्या रोपांपैकी दोघींना यंदा पहिली पोय आली. हे रोज सकाळी जाऊन बघतात, माझ्याकडे कधी असं बघितलं नाही. आणि काल त्या ऑनलाइनवाल्यांनी नेमक्या त्याच दोघींना जाळीचा झोपाळा बांधला! ऐंशी किलोचा माणूस आत. हे अंगावर पंचा, तोंडात दातवण, तसेच धावले. मी मध्ये पडले, म्हटलं, भाऊ, माडाला बांधा, तो आजोबा आहे, सोसेल.

कुयरी? कुठली कुयरी! वानरांनी फणसाची पोरं खाली पाडून ठेवलीत. दुपारच्या भाजीचा बेत बुडाला. ओले काजूगर थोडे असतील तर द्या ना, उसळ करते. बदल्यात कैऱ्या द्या म्हणाल तर तेवढ्या आहेत, गळ पडतेय रोज.

आणि ऐका, आज सकाळी सात पिल्लं निघाली. हे बघून आले.

ऑनलाइनवाले? घोरत होते.

अगो बाई, वहिनी, मागे बघा! तुमचा दांड फुटला, पाणी सगळं आमच्या अळवात येतंय. असू दे, पाच मिनिटं असू दे!