जुना माल

माळीवाडा स्टँडवर शेवगावची गाडी लागली की दाराशी पहिला माणूस अप्पा. हातात नायलॉनची पिशवी, पिशवीत भिंग, दाढीचं ब्लेड आणि दोन भाकऱ्या.

अप्पा एसटीत कंडक्टर होते. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-नगर रस्त्यावर धावली आणि पुढच्याच वर्षी अप्पा जन्मले. या दोन घटनांचा काहीतरी संबंध आहे, असं ते मानतात. ऑगस्ट २०२२ मध्ये एसटीने पंचाहत्तरी गाठलेल्यांना प्रवास फुकट केला, तेव्हा अप्पा दोन वर्षांनी कमी पडले. ती दोन वर्षं घरात कशी गेली ते काकूंना विचारा. आता मोकळे सुटलेत. कशासाठी? तर उदबत्तीसाठी. बाजारात मिळते ती नव्हे. बंद झालेली.

चालू मालाला अप्पा नाक लावत नाहीत. दुकानदार म्हणाला, "अप्पा, ती कधीच बंद झाली," की नातवाला सरकारी नोकरी लागल्यागत चेहरा खुलतो. मग तिथेच, गिऱ्हाइकांना वाट न देता, हलमड्डीचं प्रवचन सुरू होतं. हलमड्डी म्हणजे महारुखाच्या एका जातभाईचा डिंक. कर्नाटक-केरळच्या जंगलात झाडाला खाचा मारून काढतात. जुनी मसाला उदबत्ती त्यातच मळलेली. हवेतला ओलावा ओढून घ्यायची, म्हणून बोटाला चिकटायची, रंगाला राखाडी. झाडं ओरबाडली गेली, वनखात्याने हात आखडला, डिंकाचा भाव चढला आणि कारखान्यांनी मसाल्यातून तो कमी केला. "आता काय, कोळशाची कांडी सेंटात बुचकळायची. हिच्यापेक्षा बिडी बरी," इति अप्पा. त्यांनी आयुष्यात बिडी ओढलेली नाही.

शोधायची रीत त्यांनी मला एकदा कापडबाजारात, चहाचे पैसे मला द्यायला लावून, सांगितली. "मास्तर, काउंटरवरच्या पोराला विचारायचं नाही. तो मोबाइलात बघून नाही म्हणतो. गादीवरचा म्हातारा गाठायचा. आधी पाव किलो कापूर घ्यायचा, मग मान वर करायची." सगळ्यात वरची फळी, तिथेच जुना माल. पुडा हातात आला की भिंग निघतं. किंमत बघायची नाही, ती खोडता येते. कारखान्याचा फोन नंबर बघायचा. आकडे पाच असले तर जपून धरायचा. बंगळुरू छापलं असेल तर परत. बंगलोर असेल तर बसायला खुर्ची मागायची. दुकानाच्या शिक्क्यात अहमदनगरऐवजी अहिल्यानगर दिसलं की अप्पा पुडा न हुंगताच खाली ठेवतात. राजकारण नाही हो त्यात काही, माल ताजा निघतो म्हणून.

पुणतांबा, पाथर्डी, जामखेड, झाडून सगळी गावं झाली. मढीच्या यात्रेत लोक गाढवं बघायला जातात, अप्पा पूजा साहित्याच्या पालांमागची खोकी बघतात. शिर्डीवर मात्र त्यांचा राग आहे. तिथे माल इतक्या झपाट्याने खपतो की जुना व्हायला सवडच मिळत नाही.

आता इतकं हिंडून आणलेलं लावतात कधी, तर कधीच नाही. ब्लेडने पुड्याची शिवण अलगद उसवायची, डोळे मिटून हुंगायचं, काड्या मोजायच्या, पुन्हा चिकटवून गोदरेजच्या कपाटात ठेवायचं. कपाटाला कसर लागू नये म्हणून प्रत्येक खणात चार-चार डांबरगोळ्या. त्यामुळे मोगरा असो, केवडा असो की चंदन, अप्पांच्या संग्रहातल्या सगळ्या उदबत्त्यांना वास एकच येतो. मी एकदा तसं म्हणालो. "मंद आहे," अप्पा म्हणाले, "तुमचं नाक कच्चं आहे." देवघरात काकू चालू कंपनीची उदबत्ती लावतात, तीही अप्पा बाहेर गेल्यावर.

गेल्या दिवाळीत पुण्याहून सूनबाईंनी वासाची मेणबत्ती आणली. काचेच्या बरणीत, वाळ्याच्या वासाची. अप्पांनी ती उचलूनही बघितली नाही. "वाळा माठात घालायचा असतो. आणि मेणबत्ती लाइट गेल्यावर." पुढे चैत्रात एका रात्री लाइट गेली. घरात दुसरं काही सापडेना म्हणून तीच पेटवली. खोलीत नव्या माठातल्या पाण्याचा वास पसरला. लाइट आली तरी अप्पांनी बटण दाबलं नाही. त्यानंतर लाइट न जाताही मेणबत्ती पेटू लागली आणि पंधरवड्यात बरणीच्या तळाशी बोटभर रुंदीची चकती उरली.

सूनबाईंना फोन गेला. तिकडून उत्तर आलं, "अप्पा, त्यांनी तो वास बंद केला. आता लव्हेंडर आहे."

झालं! दुसऱ्या दिवशी बरणी पिशवीत. अत्तरवाल्याला हुंगवली, त्याने वाळ्याचं अत्तर काढून दिलं, ते अप्पांना "ओरिजिनल" वाटेना. दाळमंडई झाली, भिंगार झालं. सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा असते म्हणून हरेगावला गेले. मेणबत्त्यांचे ढीगच्या ढीग, सगळ्या पांढऱ्या. पालावरच्या बाईने विचारलं, "वासाची कशाला बाबा? नवस फिटतो ना हिनेपण." अप्पांनी तिच्याकडून एक डझन घेतल्या. फळी वर नव्हतीच, पण मान मात्र वर करून बघितली.

तर मंडळी, तुमच्याकडे कुणी दिवाळीत दिलेली आणि शोकेसमध्ये तशीच पडलेली वाळ्याची मेणबत्ती असेल, तर पेटवू नका. माळीवाडा स्टँडवर, शेवगावच्या गाडीच्या दाराशी आणून द्या. फक्त अप्पांना ती नवी आहे असं सांगू नका.