पहिल्या वर्षाचा निकाल : सांगलीकर मंडळींसाठी खुलासा

ति. आईबाबांस,


ब्रिटनमधल्या विद्यापीठात 70 आणि त्यापुढचे गुण म्हणजे फर्स्ट. 60 ते 69 ला अप्पर सेकंड म्हणतात, बोलण्यात टू-वन, 50 ते 59 म्हणजे टू-टू, 40 ते 49 थर्ड, त्याखाली नापास. चिरंजिवांची पहिल्या वर्षाची सरासरी 54 आली. हा आकडा फोनवर सांगितल्यावर सांगलीच्या बाजूला जी शांतता पसरली ती नेटवर्क गेल्यामुळे नव्हती, हे लंडनच्या घरात सगळ्यांच्या लक्षात आले. तेव्हा हा खुलासा सविस्तर केलेला बरा.

पहिला घोटाळा टक्क्यांचा. महाराष्ट्रात दहावीला बेस्ट ऑफ फाइव्ह आहे, कला-क्रीडेचे वाढीव गुण आहेत, आणि ते धरून पुरते शंभर टक्के मिळवणारी मुले दरवर्षी निघतात. त्या हिशेबात 54 हा आकडा चारचौघांत उच्चारण्याजोगा नाही. ब्रिटनमध्ये निबंध लिहावे लागतात अशा विषयांत परीक्षकाचा हात 75 च्या पुढे सहसा जात नाही आणि 80 पडले तर त्याची विभागात चर्चा होते. गणितात किंवा विज्ञानात, जिथे उत्तर बरोबर तरी असते नाहीतर चूक, तिथे नव्वदीही दिसते. चिरंजिवांचा विषय अर्थशास्त्र आणि इतिहास असा जोडीचा असल्यामुळे त्यांच्या वाट्याला दोन्ही प्रकारचे परीक्षक येतात.

मधल्या काकांनी यावर त्रैराशिक मांडले. इथले 70 म्हणजे तिकडचे 100, तर इथले 54 म्हणजे तिकडचे 77, म्हणजे डिस्टिंक्शन! लंडनच्या घराला हा हिशेब क्षणभर फार आवडला. पण तो चुकीचा आहे. गुणांची ही पट्टी सरळ रेषेत चढत नाही. 54 वरून 62 ला पोचणे मेहनतीने जमते, 72 वरून 80 ला पोचणे क्वचित कोणाला जमते. टू-टू म्हणजे पास, ठीक, पण पदवीनंतर चांगल्या नोकरीच्या जाहिरातीत जिथे 'किमान टू-वन' लिहिलेले असते तिथे अडणारा. शेजाऱ्यांना मात्र 77 सांगायला हरकत नाही, कारण त्यांना तसेही कळवले गेलेच आहे.

दुसरी गोष्ट दिलाशाची आणि त्याचबरोबर धोक्याची. इंग्लंडमध्ये पदवी साधारण तीन वर्षांची, आणि बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाचे गुण अंतिम वर्गवारीत धरले जात नाहीत. ते वर्ष 40 गुणांनी पार करायचे एवढीच अट असते. अंतिम निकाल दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षावर ठरतो, आणि तिसऱ्याचे वजन बहुधा दुसऱ्यापेक्षा जास्त असते. नेमके प्रमाण विद्यापीठागणिक वेगळे. म्हणजे 54 हा आकडा पदवीच्या कागदावर कुठेही उमटणार नाही. विद्यार्थ्यांना हा नियम प्रवेशाच्या आधीपासून पाठ असतो आणि पहिले वर्ष त्या भरवशावरच वाहून जाते. फक्त एक गोष्ट त्यांना कोणी सांगत नाही. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी अर्ज दुसरे वर्ष सुरू होताच, शरद ऋतूत भरावे लागतात, आणि त्या वेळी कंपन्यांना दाखवायला हाताशी पहिल्या वर्षाचेच गुण असतात. न मोजले जाणारे वर्ष असे मागच्या दाराने मोजले जाते.

गुण कमी का पडले, याचे उत्तर क्रेडिटच्या हिशेबात आहे. एका वर्षात 120 क्रेडिट पुरी करायची आणि एका क्रेडिटमागे 10 तासांचा अभ्यास धरायचा, असे इथले गणित आहे. म्हणजे वर्षाला 1200 तास. 20 क्रेडिटच्या एका मॉड्यूलला 200 तास येतात. त्यात लेक्चर आणि सेमिनार मिळून आठवड्याला तीन तास धरले आणि अकरा आठवडे शिकवणी धरली, तर 33 तास होतात. उरलेले 167 तास विद्यार्थ्याने स्वतः वाचायचे, लिहायचे, डोके खाजवायचे. वेळापत्रकावर हे 167 तास कुठेही छापलेले नसतात. तिथे रिकामे चौकोन दिसतात. रिकामा चौकोन म्हणजे सुट्टी, असा अर्थ चिरंजिवांनी लावला. बारावीपर्यंत शाळा, क्लास आणि आईचा आवाज यांनी ज्याचा प्रत्येक तास भरलेला होता, त्याने असा अर्थ लावावा यात नवल नाही.

त्या तासांचे काय झाले याची चौकशी रविवारी, धुण्याचे कपडे घरी आलेले असताना, करण्यात आली. काही हॉस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात गेले. रात्री बारा वाजता सहा देशांची मुले तिथे मॅगी शिजवतात आणि जगाचे प्रश्न सोडवतात. काही तास अल्टिमेट फ्रिस्बी नावाच्या खेळाच्या मंडळात गेले; ही थाळी एकमेकांकडे फेकण्याची क्रीडा असून तिला वर्गणी पडते. बरेचसे लेक्चरच्या रेकॉर्डिंगने खाल्ले. प्रत्येक लेक्चर रेकॉर्ड होऊन संगणकावर मिळते, तेव्हा सकाळी नऊला उठून जायचे कशाला, असा विचार ऑक्टोबरात सुरू होतो. एप्रिलमध्ये चाळीसेक तास साठलेले असतात आणि ते दुप्पट वेगाने ऐकले जातात. दुप्पट वेगात प्राध्यापकाचा आवाज कार्टूनमधल्या खारीसारखा येतो आणि डोक्यात जेमतेम तेवढाच उरतो.

आता सुधारणेचा भाग. तिची सुरुवात तपासून परत आलेल्या निबंधांपासून होते. इथे गुणांबरोबर परीक्षकाचा अभिप्राय मिळतो; गुण पाहून बहुतेक मुले पान बंद करतात आणि अभिप्राय तसाच राहतो. चिरंजिवांचे वर्षभरातले सगळे अभिप्राय जेवणाच्या टेबलावर एकाशेजारी एक मांडले, तेव्हा विषय वेगवेगळे, परीक्षक वेगवेगळे, पण तक्रार एकच निघाली : वर्णन फार, विश्लेषण कमी. ही तक्रार मनाला लागण्यासारखी आहे, कारण वर्णन उत्तम करण्याबद्दलच याच मुलाला शाळेत बक्षिसे मिळाली होती.

एक नमुना पाहण्यासारखा आहे. ब्रिटनमधले कॉर्न लॉज, म्हणजे परदेशी धान्यावरची जकात, 1846 साली का रद्द झाले, असा प्रश्न होता. चिरंजिवांनी 1815 पासून सुरुवात केली, कायद्याची कलमे सांगितली, कॉब्डेन आणि ब्राइट यांच्या जकातविरोधी चळवळीची हकीकत दिली, 1845 मध्ये आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला ते सांगितले आणि शेवटी पंतप्रधान पीलने कायदा रद्द केला असे लिहून हात धुतले. एकही सनावळ चुकली नव्हती. गुण 52. समासात परीक्षकाने लिहिले होते, 'हे झाले. मग काय?'

सुट्टीत तोच निबंध पुन्हा लिहायला घेतला तेव्हा पहिलाच परिच्छेद बदलला. पीलच्या स्वतःच्या पक्षातल्या बहुसंख्य खासदारांनी त्याच्या विरोधात मत दिले आणि ठराव विरोधी व्हिग पक्षाच्या मतांवर पार झाला. मग स्वतःचा पक्ष फोडण्याएवढी घाई त्याला का झाली? दुष्काळ हे कारण धरले, तर जकात तात्पुरती स्थगित करून भागले असते, कायमची का काढली? चळवळीचा दबाव हे कारण धरले, तर ज्या संसदेत जमीनदारांचा वरचष्मा होता तिथे तो दबाव पोचला कसा? दोन्ही बाजूंच्या इतिहासकारांना समोरासमोर उभे करून, कोणाचे पटते आणि का, हे सांगायचे. माहिती तीच, निम्मी कापलेली, वाद नवा. इथले परीक्षक वाद घालणाऱ्याला गुण देतात, पुरावा दाखवला म्हणजे झाले. हा गुण घरात तीन पिढ्या भरपूर आहे, फक्त तो आजवर परीक्षेसाठी वापरला गेला नव्हता.

अभ्यासाच्या पद्धतीकडे वळायचे तर प्रथम हायलायटरची बातमी. चिरंजिवांची पुस्तके पिवळी, गुलाबी आणि पोपटी झालेली आहेत. न रंगवलेले वाक्य शोधावे लागते. जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींचा आढावा घेतला, त्यात ओळी रंगवणे आणि पुन्हा पुन्हा वाचणे या दोन्ही पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांवर पसरून करणे या दोन वरच्या क्रमांकावर आल्या. त्याआधी 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी एक प्रयोग केला होता. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे 61 टक्के मजकूर होता, वाचणाऱ्यांच्या 40 टक्के. विशेष म्हणजे आपल्याला चांगले आठवेल, याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. परीक्षेच्या आदल्या रात्री 'सगळं झालंय' असे फोनवर जे सांगितले जाते, त्याचा उगम इथे आहे.

आजोबा पन्नास वर्षे जे सांगत आले, की पुस्तक मिटून म्हणून दाखव, ते म्हणजे हेच. संशोधनाने त्यांच्यावर शिक्कामोर्तब केले आहे आणि ही बातमी त्यांना बेतानेच द्यावी. त्यांची दुसरी शिकवण, पहाटे चारला उठून अभ्यास करण्याची, आढाव्यातल्या दहा पद्धतींत नाही. तिसरी, जसेच्या तसे उतरवण्याची, इथे धोक्याची आहे. दुसऱ्याची वाक्ये उल्लेखाशिवाय उतरवली तर ते वाङ्मयचौर्य धरले जाते, आणि प्रत्येक निबंध आधी टर्निटिन नावाच्या प्रणालीतून जातो. ती मजकूर कुठल्या मजकुराशी जुळतो ते रंगांत दाखवते. गाइडमधली उत्तरे उतरवून मोठ्या झालेल्या पिढीला हे रंग पाहून घाम फुटेल.

वेळेचा नियमही इकडे कडक. निबंध दुपारी बारापर्यंत संगणकावर चढवायचा म्हणजे बाराला एक मिनिट कमी असताना. उशीर झाला तर बऱ्याच ठिकाणी दिवसाला 5 गुण कापले जातात. चिरंजिवांचे एकदा असेच 58 चे 53 झाले. कारण वायफाय, असे त्यांचे म्हणणे आहे. निबंध अकरा पन्नासला संपला, असे त्यांच्या खोलीतल्या मित्राचे. आजारपण किंवा घरातली मोठी अडचण असेल तर पुराव्यासह आधी अर्ज करता येतो आणि मुदत वाढते. वायफाय त्यात बसत नाही. नापास झाल्यास ऑगस्टच्या सुमारास फेरपरीक्षा असते, तिला रीसिट म्हणतात, आणि तिथे कितीही चांगले लिहिले तरी गुण सहसा 40 वरच थांबवतात. चिरंजिवांवर ती वेळ आली नाही, याबद्दल गणपतीला नारळ फोडायला हरकत नाही.

मदत मागण्याच्या सोयी भरपूर आहेत आणि त्या वापरायला चिरंजीव लाजतात. प्रत्येकाला एक पर्सनल ट्यूटर नेमलेला असतो. प्राध्यापक आठवड्यातले ठरावीक तास दार उघडे ठेवून बसतात आणि बहुतेक वेळ एकटेच बसतात. प्राध्यापकांना नावाने हाक मारायची इथली रीत असल्यामुळे चिरंजिवांची अडचण वाढते. 'सर' म्हणावे तर विचित्र दिसते आणि नुसते नाव तोंडातून निघत नाही. त्यामुळे त्यांनी वर्षभर कोणाला काही विचारलेच नाही. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ते अखेर एकदा गेले, 'एक्स्क्यूज मी' म्हणून भागवले, आणि वीस मिनिटांत अभिप्रायातल्या तीन ओळींचा अर्थ समजून आले. लंडनच्या महाराष्ट्र मंडळात, जे 1932 पासून चालू आहे, यंदाच्या गणपतीत भेटलेल्या एका काकूंनी आपल्या मुलीच्या फर्स्टची कहाणी सांगताना हीच युक्ती सांगितली होती. तेव्हा कोणी ऐकले नाही, कारण काकूंच्या हातात मोदकांचे ताट होते.

दुसऱ्या वर्षासाठी ठरलेली व्यवस्था अशी. प्रत्येक मॉड्यूलचे 167 तास वेळापत्रकातल्या रिकाम्या चौकोनांत नावानिशी भरले आहेत. लेक्चर झाले की त्याच संध्याकाळी वही मिटून त्यातले मुद्दे कोऱ्या कागदावर लिहायचे आणि आठवड्याने पुन्हा. निबंधाचा कच्चा खर्डा मुदतीच्या आठवडाभर आधी. फ्रिस्बी चालू आहे. ती बंद करावी असे चिरंजिवांच्या आईचे मत होते, पण आठवड्याला चार तासांनी 1200 तासांचे काही बिघडत नाही हे आकड्यांनी सिद्ध झाले. ऑक्टोबरअखेरच्या पहिल्या निबंधाला 63 मिळाले.

डिसेंबरात सगळे सांगलीला येत आहेत. जानेवारीत चिरंजिवांच्या दोन परीक्षा आहेत, त्यामुळे सकाळचे दोन तास त्यांचे. प्रश्नांची यादी आजोबांकडे इमेलने येईल. त्यांनी प्रश्न विचारायचे आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलायचे नाही, ही अट आजींनी पाळवून घ्यावी. उत्तर आले की आजोबांनी एकदाच म्हणायचे : 'मग काय?'

कळावे,
लंडनकर मंडळी